तुम्ही विचारलंत म्हणून: लिंक कुणाला द्यायची आणि कशासाठी

“आपण सांगली-साताऱ्याकडचे मराठीत लिहिणारे आठ-दहा जण मिळून एकमेकांच्या ब्लॉगच्या लिंका लावू या का? सगळेच गूगलवर वर येऊ.” हे मला वरचेवर विचारलं जातं. विचारणाऱ्यांत कास रस्त्यावर पाहुण्यांची राहायची सोय करणारे असतात, बेदाण्याच्या धंद्यातले असतात, निवृत्त मास्तर असतात, नुकतीच लिहायला लागलेली कॉलेजातली मुलं असतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

लिंका द्या, सढळ हातानं द्या. पण ठरवून साटंलोटं करू नका.

आधी लिंकेला एवढं महत्त्व का आलं ते. गूगल उभंच राहिलं ते लिंकांच्या हिशेबावर. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली जी पद्धत मांडली, तिचं मूळ संशोधकांच्या एका जुन्या सवयीत होतं. ज्या निबंधाचा दाखला इतर अभ्यासक पुन्हा पुन्हा देतात, तो निबंध महत्त्वाचा धरायचा. हेच त्यांनी वेबवरच्या पानांना लावलं. एका पानानं दुसऱ्याची लिंक दिली की ते त्याच्या बाजूनं पडलेलं मत. सगळ्या मतांचं वजन मात्र सारखं नाही. ज्या पानाचा दाखला खुद्द पुष्कळ जण देतात, त्याच्या मताला वजन जास्त, आणि त्या पानावरून जितक्या लिंका बाहेर जातात तितक्यांत ते वाटलं जातं. त्यामुळं दोनशे ब्लॉगांची यादी बाजूला लावून ठेवलेल्या पानाकडून कुणाच्याच पदरात फारसं पडत नाही. आज क्रम लावताना गूगल आणखी कितीतरी गोष्टी बघतं. तरी लिंक अजून मोजली जाते, आणि नवी पानं गूगलला सापडतात तीसुद्धा बरीचशी लिंकांच्या वाटेनंच.

आता आपल्याकडचं उदाहरण घेते. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळद साठवायची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तिथली माती अशी की आत ओल धरत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आधी हवा खेळू देतात, कंदील दोरीनं खाली सोडतात, तो तेवत राहिला तरच माणूस उतरतो. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि यातली अनेक पेवं कायमची गेली. मी यावर लिहिलं तेव्हा पेवात उतरणाऱ्या म्हाताऱ्या हमालांशी बोलून लिहिलं. तोंड कशानं झाकतात, वर माती कशी लिंपतात, पोती भरून बाहेर कशी काढतात, सगळं.

त्या लेखासाठी मी कुणाकडं लिंक मागितली नाही. आधी पुरावर लिहिणाऱ्या एकानं दिली, मग हळदीच्या लोणच्यावर लिहिणाऱ्या एका ताईंनी, पुढं धान्य साठवायच्या जुन्या पद्धती गोळा करणाऱ्या एका अभ्यासकानं. तिघांचे विषय वेगळे, पण तिघांनाही आपल्या लेखात एका जागी थांबून ‘पेव म्हणजे काय’ हे सांगायची वेळ आली होती. ते पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा त्यांनी वाचकाला माझ्याकडं पाठवलं. मराठीत अशा विषयांवर पानंच इतकी कमी आहेत की एवढ्या मोजक्या लिंकांनीही लेख वर येतो. इंग्रजीत कर्ज किंवा विम्यासारख्या विषयावर लिहिणाऱ्याला यानं काहीच फरक पडणार नाही. आपल्याला पडतो, आणि ही आपली केवढी मोठी सोय आहे!

साटंलोटं नको म्हणते ते याचसाठी. ‘तू माझी लाव, मी तुझी लावतो’ या कराराला गूगल आपल्या नियमांत सरळ लिंकांची लबाडी म्हणतं. पैसे देऊन लिंक घेणंही त्यातच येतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशा जमवलेल्या लिंकांवर उभ्या असलेल्या असंख्य साइट धाडकन खाली गेल्या. २०१६ पासून तो गूगलच्या मुख्य पद्धतीचाच भाग आहे. दोन मित्रांनी एकमेकांचा उल्लेख केला म्हणून कुणी शिक्षा करत नाही, ते स्वाभाविकच आहे. पण दहा जणांनी प्रत्येक लेखाखाली तीच नऊ नावं चिकटवली, तर यंत्राला ते ओळखायला वेळ लागत नाही. आणि वाचकाला तर त्याहून लवकर कळतं. लग्नात वही उघडून, त्यांनी किती केला होता ते बघून तेवढाच आहेर करावा, तशी ती लिंक असते. घेणाऱ्यालाही तिचं काही वाटत नाही.

तुमच्याकडं ‘डीए चाळीसच्या साइटवरून बॅकलिंक देतो’ (म्हणजे त्या साइटवरून तुमच्या पानाकडं येणारी लिंक) असे मेसेज येत असतील. डीए म्हणजे ‘डोमेन ऑथॉरिटी’, साइटचं वजन किती याचा एका खासगी कंपनीनं काढलेला अंदाज आहे, गूगल तो क्रमासाठी वापरत नाही. ते पैसे एसटीच्या तिकिटाला घाला, तासगावला जा, बेदाण्याच्या शेडवर दिवसभर बसा आणि लिहा.

दुसऱ्यांच्या लेखांखाली जाऊन आपला पत्ता टाकण्याचाही उपयोग नाही. २००५ सालीच गूगल, याहू आणि एमएसएननं मिळून ‘नोफॉलो’ ही खूण, म्हणजे ‘ही लिंक मत म्हणून धरू नका’ असं शोधयंत्राला सांगणारी, आणली ती याच उपद्रवावर. विकिपीडियावरच्या बाहेर जाणाऱ्या लिंकांनाही ती खूण असते. तिथं तुमच्या लेखाचा दाखला दुसऱ्या कुणी दिला तर वाचक येतील, ते उत्तमच. स्वतःचा स्वतः घालू नका.

आता द्यायची कशी ते सांगते, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. समजा एक वाक्य आहे: ‘हरिपूरच्या पेवांबद्दल अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा.’ यात लिंक आहे ती ‘इथे’ या शब्दाला. हेच वाक्य ‘हरिपूरची पेवं कशी बांधत आणि कशी उघडत, ते या लेखात आहे’ असं लिहून ‘हरिपूरची पेवं कशी बांधत आणि कशी उघडत’ एवढ्या शब्दांना लिंक द्या. वाचकाला पलीकडं काय मिळणार ते आधीच कळतं. गूगलही लिंकेवरचे शब्द वाचून पलीकडचं पान कशाबद्दल आहे त्याचा अदमास घेतं. तुम्ही ज्याला लिंक देताय त्याला खरी मदत करायची असेल तर या सहा-सात शब्दांत करा. मात्र जबरदस्तीनं शब्द कोंबू नका, वाक्य बोलण्यातलं राहू द्या.

आणि ‘एके ठिकाणी वाचलं होतं’ हे लिहिणं थांबवा, हात जोडून सांगते. कुठं वाचलं ते सांगा की! मराठीत लिहिणारे आपण नावं घ्यायला का कचरतो मला समजत नाही. मोठ्या वर्तमानपत्राची लिंक पटकन देतो, पण ज्या शाळामास्तरांनी गावोगाव फिरून वीरगळांचे फोटो काढून लिहिलं, त्यांचा मजकूर ‘जाणकारांच्या मते’ म्हणून वापरतो. व्हॉट्सॲपनं तर यात भर घातली. लेख पुढं जातो, खाली नाव नसतं, पत्ता नसतो, हजारो लोक वाचतात आणि ज्यानं लिहिलं त्याच्या पानाकडं एकही वाट जात नाही. गूगलच्या लेखी ते वाचन झालंच नाही. म्हणून माझा आग्रह असतो, फॉरवर्ड करायचंच तर दोन ओळी आणि लेखाचा पत्ता पाठवा, अख्खा मजकूर उचलून पाठवू नका.

लिपीचंही थोडं बघा. शिवाजी, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण शोधयंत्राला तो रोमन अक्षरांचा गुंता असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणल्याशिवाय तो सापडणार नाही. फोटोवर लिहिलेल्या मजकुराचंही जवळपास तसंच. सर्च कन्सोल ही गूगलची फुकट सोय लावून घ्या. त्यात लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं, आणि कुणी कुणी लिंक दिली तेही. माझ्या पेवाच्या लेखाकडं निम्मे लोक रोमन लिपीत ‘हळदी पेव’ लिहून येतात. पण तेवढ्यासाठी मी लेखात इंग्रजी भरलं नाही. पानाच्या पत्त्यात मात्र ते शब्द रोमन लिपीत ठेवले.

स्वतःच्या जुन्या लेखांनाही विसरू नका. महापुरावर लिहिताना पेवाच्या लेखाची, पेवावर लिहिताना हळदीच्या बाजाराची वाट दाखवा. याला कुणाची परवानगी लागत नाही, तरी बहुतेकांचे जुने लेख एकटेच पडलेले असतात.

कासवाल्यांसाठी वेगळं सांगते. ‘कासला कधी जावं’ यावर पानं ढिगानं आहेत आणि सगळी एकमेकांची नक्कल. पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशात स्थान मिळालं २०१२ साली, हे सगळ्यांच्या पहिल्याच परिच्छेदात असतं. तुम्ही तिथं राहता. या आठवड्यात तेरडा कुठवर आला, सीतेची आसवं दिसायला लागली का, सोनकी पिवळी झाली का, धुकं किती वाजता उठतं, एवढंच ऑगस्ट ते ऑक्टोबर दर आठवड्याला लिहा, तारीख घालून. मुंबई-पुण्याहून सहल आखणारा, फुलांवर लिहिणारा, फोटो काढणारा, सगळे तुमच्याकडं बोट दाखवतील. दुसऱ्या कुणाकडं ते मिळणारच नाही.

लिंक मागायची लाज मात्र बाळगू नका. ज्यांच्या लेखात तुमच्या विषयाचा उल्लेख आलाय त्यांना दोन ओळी लिहा: अमुक मुद्द्यावर मी सविस्तर लिहिलंय, वाचकांना उपयोगी वाटलं तर बघा. एकदाच लिहा. बदल्यात काही देऊ करू नका.

तासगावकडची एक मुलगी बेदाण्यावर फार सुंदर लिहिते. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर कशी पसरतात, रंग कशानं बिघडतो, सौदे कसे निघतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर लिहिताना मी तिच्या तीन लेखांच्या लिंका दिल्या. तिनं संकोचून विचारलं, “काकू, मी तुमची कुठं लावू?” तिच्या लेखांत हळदीचा विषयच नाही. तिला म्हटलं, नको लावूस. त्यापेक्षा पलूसकडच्या त्या शेतकऱ्यानं औषध फवारणीच्या वेळापत्रकावर लिहिलंय, ते तुझ्या वाचकांना लागेल, त्याची लाव. तिनं त्याच रात्री लावली.