तिळाचा रिपोर्ट आणि न केलेली जनुक तपासणी

कमरेवर सलवारीची नाडी नेमकी बसते तिथे मला एक तीळ होता. जन्मापासूनचा नव्हे, कॉलेजच्या वयात उगवलेला. गेल्या पावसाळ्यात तो एका बाजूने काळपट झाला, घासून रक्तही आलं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, टेकवून कडा, रंग, दोन्ही अर्ध सारखे आहेत का, सगळं निरखलं. ‘‘बदललाय ना? मग अख्खाच काढू, ताई. वरवर खरवडला तर खोली कळत नाही.’’

काढणं फार अवघड गेलं नाही. भुलीच्या इंजेक्शनची चुणचुण, नंतर नुसती ओढाताण जाणवली. फॉर्मेलिनच्या बाटलीत तरंगणारा मसुराएवढा तुकडा त्यांनी दाखवला. जड गेली ती रिपोर्टची वाट पाहणं. रात्री मोबाइलवर वाचलं की तिळात बीआरएएफ जनुकाचा जो बदल असतो, तोच मेलानोमा या कर्करोगातही असतो. झोपच उडाली.

रिपोर्ट आला: ‘इंट्राडर्मल मेलानोसायटिक नेव्हस, घातकतेची लक्षणं नाहीत’. म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातल्या रंगपेशींचा साधा तीळ. तरी मी जनुक तपासणीचा हट्ट धरला, तेव्हा डॉक्टरांनी थेट तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावून दिला. त्यांनी जे समजावलं, ते मला आधीच कुणी सांगायला हवं होतं.

बीआरएएफमधला हा बदल मेलानोमात 2002 मध्ये सापडला आणि 2003 मध्ये निरुपद्रवी तिळांतही. जन्मानंतर उगवणाऱ्या साध्या तिळांपैकी सुमारे 80 टक्क्यांत तो असतो. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातल्या 600 व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल बसतं आणि ‘विभाजन कर’ हा संदेश थांबतच नाही. एका रंगपेशीत हे घडलं की तिच्या लेकी-नाती वाढतात, तीळ दिसू लागतो. मग काही मिलिमीटरवर वाढ थांबते. थांबवण्यात पी16 या प्रथिनाचा हात आहे, पण तेवढंच कारण नाही. ते नसलेल्या पेशीही थांबलेल्या दिसतात. कर्करोग व्हायला या बदलावर आणखी बदल साचावे लागतात, जसं की पी16 बनवणारं जनुकच गमावणं. जन्मजात मोठ्या तिळांत बहुधा एनआरएएस जनुक बदललेलं असतं, निळसर तिळांत जीएनएक्यू किंवा जीएनए11.

‘‘तुमची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तर त्यातून काय कळणार? तीळ आहे, एवढंच,’’ मॅडम म्हणाल्या. मेलानोमा झालेल्यांना औषध निवडायला ती तपासणी खरोखर लागते. माझा निर्णय मात्र पेशींच्या मांडणीवर झाला होता: खोल जाताना त्या लहान होत गेल्या होत्या, दोन्ही बाजू सारख्या होत्या, विभाजन होताना दिसत नव्हतं.

मुलीचं विचारल्याशिवाय मला राहवेना. हा बदल त्या एका पेशीपुरता असतो, बीजांडात नाही. त्यामुळे तो तिच्याकडे जात नाही. खूप तीळ असण्याचा कल मात्र घराण्यात असू शकतो, आणि उन्हाचाही त्यात वाटा असतो.

टाके काढताना डॉक्टरांनी माझे तळवे आणि नखं नीट तपासली. आपल्याकडे मेलानोमा कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि तिथे सहसा कुणी पाहत नाही.