पाकीट क्रमांक ६१

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज चर्चमधलं अर्पण मोजायची पाळी माझी आणि काकांची होती. उपासना संपली, लोक बाहेर बोलत उभे होते, आणि आम्ही दोघं आतल्या खोलीत दार लोटून टेबलाशी बसलो. आधी सुट्या नोटा, मग नाणी, मग पाकिटं. पाकीट फोडायचं, वरचा आकडा आणि आतली रक्कम जुळते का पाहायचं, क्रमांकासमोर नोंद करायची. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, खाली दोघांच्या सह्या. एकट्याने कधीच मोजायचं नाही. हा नियम मला पहिल्यापासून आवडतो. त्यात कुणावर संशय नाही, उलट कुणावर संशय यायला नको म्हणूनच तो आहे.

६१ क्रमांकाचं पाकीट माझ्या हाताला लागलं. क्रमांक बघायची गरज नव्हती. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणि पाकिटावरच्या त्या शब्दातला श मावशी ज्या तऱ्हेने खाली ओढते, तो मी ओळखते. आत घडी घातलेली एक नोट आणि पाच नाणी. किती, ते इथे लिहीत नाही, तो माझा अधिकार नाही. पण वरचा आकडा शेवटच्या नाण्यापर्यंत जुळत होता. म्हणजे मावशी बसली असणार, महिन्याला हातात आलं किती ते मांडलं असणार, दहाने भागलं असणार, आणि भागाकार नाण्यांवर आला तेव्हा नाणी शोधली असणार. रक्कम वाढवून पूर्ण आकड्यावर नेली नाही, कमी करून खालीही आणली नाही.

मी नोंद केली. सही केली. घरी आले. दुपारी जेवण गेलं नाही.

मावशीचा मदतीचा अर्ज गेल्या महिन्याच्या कमिटीच्या बैठकीत आला होता. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी. इतिवृत्त मीच लिहिते, त्यामुळे शब्द न् शब्द पाठ आहे: ‘सदर अर्जावर पुढील बैठकीत विचार करण्यात यावा.’ त्याच्या वरचा ठराव ध्वनियंत्रणेचा. तो एकमताने मंजूर. एकमताने, म्हणजे माझाही हात वर होता.

हेच मनातून जात नाही. तिच्या घरचं नाणं मी मोजून पेटीत टाकलं, आणि त्याच पेटीतून तिला काही द्यायची वेळ आली तेव्हा मी ‘पुढील बैठकीत’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

खजिनदारांना दोष द्यावा असं खूप वाटतंय, पण देता येत नाही. ते प्रामाणिक आहेत. त्यांनी त्या दिवशी समजावून सांगितलं ते चूक नव्हतं. ध्वनियंत्रणेचे पैसे ज्यांनी दिले त्यांनी त्याच कामासाठी म्हणून दिले होते. एखाद्या कामासाठी म्हणून दिलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवणं म्हणजे देणाऱ्याचा विश्वासघात, मग ते दुसरं काम कितीही चांगलं असो. आणि जो सर्वसाधारण निधी उरतो, त्यातून पाळकांचं मानधन, विजेचं बिल, छताची दुरुस्ती, वरच्या मंडळाकडे पाठवायचा वाटा. शेवटी ‘गरजूंना साहाय्य’ ही ओळ. ताळेबंदात ती खरोखर शेवटची ओळ आहे, आज काढून पाहिली. तिच्या खाली फक्त ‘इतर’.

पाळकांच्या मानधनाबद्दल मला कधीच वाईट वाटलं नाही, वाटू नये. दशांश मुळात त्यासाठीच होता. लेव्यांना, म्हणजे इस्राएलातल्या मंदिरसेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीत वतन नव्हतं. बाकीच्या वंशांना शेतं मिळाली, यांना सेवा मिळाली, म्हणून इतरांच्या पिकाचा दहावा भाग त्यांचा. आणि त्या दहाव्याचा दहावा त्यांनी याजकांना द्यायचा, बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. देण्यातून देवाचा सेवकही सुटला नव्हता. यहूदाचा अधिपती नहेम्या याच्या काळात लोकांनी हा वाटा देणं बंद केलं तेव्हा लेवी मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे परतले. पोट कुणाला सुटलंय? जे आमच्या मयताला रात्री दोन वाजता धावून आले, त्यांच्या घरी महिनाअखेर काय असतं हे मला ठाऊक आहे.

पण दशांश तेवढ्यासाठीच होता असंही नाही. बायबलमधल्याच अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश वेगळा सांगितलाय. तो गावातच साठवायचा, आणि त्यातून लेव्याने, परक्याने, अनाथाने आणि विधवेने खाऊन तृप्त व्हायचं. तृप्त. अर्ज करून वाट बघायची असं तिथे नाही. विधवा तिथे घेणाऱ्यांच्या रांगेत आहे, आणि आमच्याकडे ती देणाऱ्यांच्या यादीत, क्रमांक ६१.

दादा म्हणेल, नव्या करारात दशांशाची सक्तीच कुठे आहे. त्याच्याशी हा वाद किती वर्षं घातला. पगार हातात येतो त्यावर की कापून जाण्याआधीच्या आकड्यावर, इथपासून. आता तो येतच नाही, तर वाद कुणाशी घालायचा. पण त्याचं एक म्हणणं मला आज दिवसभर आठवतंय. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कुठलाही आकडा सांगत नाही, ज्याने त्याने मनात ठरवावं आणि संतोषाने द्यावं म्हणतो. दादा तिथेच थांबायचा. मी आज पुढे-मागे वाचलं. त्याच पत्राच्या ८व्या अध्यायात पौल लिहितो की एवढी मोठी देणगी आमच्या हातून पोहोचवली जात असताना कुणी आम्हाला बोल लावू नये म्हणून आम्ही जपतो, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते करतो. म्हणून तो एकटा पैसे घेऊन निघत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो. आमचा दोन सह्यांचा नियम तिथूनच आलाय असं मला वाटतं. पण ते पैसे कुठे चालले होते? यरुशलेमेतल्या गरिबांकडे. पौलाची काळजी नीट पोहोचवण्याची होती. आम्ही नीट मोजण्यापाशीच थांबलो.

सकाळी वाचन मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं होतं. ३ऱ्या अध्यायाचा १०वा श्लोक, सगळा दशांश भांडारात आणा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा. लहानपणापासून पाठ आहे तो. आज घरी येऊन अध्याय वरून वाचला. ५व्या श्लोकात देव म्हणतो की मी तुमचा न्याय करायला येईन, आणि मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क हिरावणाऱ्यांविरुद्ध साक्ष देईन. पाचच श्लोक आधी. ‘मनुष्य देवाला ठकवील काय?’ हा प्रश्न आम्ही दर वर्षी पाकिटं वाटताना मंडळीला विचारतो. तो कमिटीच्या टेबलावर ठेवून कधी विचारलाच नाही.

आणि मग ती दोन टोल्यांची, म्हणजे दोन अगदी क्षुल्लक नाण्यांची, विधवा. तिच्यावरची प्रवचनं मी किती ऐकली असतील. मला वाटायचं ती गोष्ट देणाऱ्यांसाठी आहे. मार्काच्या १२व्या अध्यायात येशू भांडारासमोर बसून लोक पैसे टाकताना पाहत होता, आणि तिने आपली सगळी उपजीविका टाकली म्हणाला. पण त्याच्या आधीचं वाक्य काय आहे? शास्त्री विधवांची घरं गिळंकृत करतात. आणि लगेच पुढे, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. या दोहोंच्या मध्ये ती उभी आहे. तो तिची वाहवा करत होता की तिच्यासाठी कळवळत होता? मोठमोठ्या अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. मला आज दुसरंच वाटतंय. त्याने तिच्याकडे पाहिलं, हे खरं. पण ती पेटी संध्याकाळी कुणीतरी उघडली असेल. त्या दोन टोल्या कुणाच्या तरी बोटांना लागल्या असतील. त्या माणसाबद्दल शुभवर्तमानात काहीच लिहिलेलं नाही.

दुपारी खूप वेळ जुनी टिपणं चाळत बसले, प्रशिक्षणाच्या वेळची. दुसऱ्या शतकात रोमात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने तिथल्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय: ज्यांना शक्य आहे ते स्वेच्छेने देतात, ते अध्यक्षाकडे जमा होतं, आणि तो अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान, परके यांची काळजी घेतो. इमारतीचा खर्च त्या यादीत नाही, तेव्हा लोक घरांतच जमत असत. नंतर इमारती आल्या, आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियसच्या वेळी उत्पन्नाचे चार वाटे ठरले: बिशप, याजकवर्ग, गरीब, आणि इमारत. चारांत एक गरिबांचा! ५८५ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या मॅकोनच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली, ७७९ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने तो राज्याचा कायदाच केला. मग शेतातली दहावी पेंढी सक्तीने उचलली जाऊ लागली आणि लोकांना दशांश म्हणजे जाच वाटू लागला. फ्रान्समध्ये १७८९ मध्ये तो उडवला गेला तेव्हा किती शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. आमच्याकडे सक्ती नाही, कायदा नाही, मी त्याबद्दल देवाचे आभार मानते. पण ताळेबंद समोर ठेवून गरिबांची ती शेवटची ओळ चौथ्या हिश्श्याशी लावून पाहिली. जवळपासही जात नाही.

खरं सांगायचं तर हे सगळं मी मावशीसाठी वाचत नव्हते. संध्याकाळपर्यंत मलाच माझी कीव यायला लागली होती. मलाच का दिसावं हे सगळं? बाकीचे थैलीत टाकतात आणि मोकळे होतात. आणि ते आठ महिने आठवले. काम गेलं होतं तेव्हाचे. मी दर रविवारी पाकीट टाकत होते, माझा क्रमांक लिहिलेलं, आत काही नसलेलं. थैली समोरून रिकाम्या हाताने जाऊ द्यायची लाज वाटायची म्हणून. आई तेव्हा… असो. कुणीतरी ती पाकिटं फोडत होतं. क्रमांकासमोर शून्य लिहीत होतं. आठ महिने शून्य, आणि एकाही माणसाने मला विचारलं नाही की बाई, चाललंय कसं तुझं. मंडळी, मंडळी म्हणतो आपण. आज पहिल्यांदा मला त्याचा इतका राग आला की रडू आलं.

आठ वाजता काकांना फोन केला. करायचा नव्हता, पण राहवलं नाही. आधी ६१ बद्दल बोलले. ते म्हणाले, ‘मीही ओळखलं होतं. मी दुसऱ्यांदा मोजलं ना.’ मग माझ्या तोंडून निघून गेलं, माझी रिकामी पाकिटं कोण मोजायचं तेव्हा?

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मीच.’

त्यांनी त्या वेळी ते बैठकीत मांडलं होतं. नाव न घेता. एका घरी अडचण दिसते आहे, विचारपूस व्हावी आणि काही मदत ठरवावी, असं. तेव्हाच्या सेक्रेटरींनी लिहून घेतलं, पुढील बैठकीत विचार करावा. पुढची बैठक इस्टरच्या तयारीत गेली. त्याच्या पुढच्या बैठकीपर्यंत मला काम मिळालं होतं, पाकिटात पुन्हा पैसे येऊ लागले होते, आणि काकांनी विषय सोडून दिला. ‘तुझ्या दाराशी यायला हवं होतं मी,’ ते म्हणाले. ‘पण पाकिटात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम. तुला कळलं असतं की मला कळलंय. ते कसं करायचं मला समजलं नाही, पोरी.’

मी काय बोलणार होते? मी स्वतः आज दुपारी मावशीच्या दारावरून गेले. दिवा लागलेला होता. मी वळले नाही, याच कारणासाठी.

राग गेला, तो फोन ठेवायच्या आधीच गेला. इतकी वर्षं वाटत होतं की कुणी पाहिलं नाही. एका माणसाने दर आठवड्याला पाहिलं होतं, आणि त्याचं ओझं माझ्याइतकंच त्यालाही झालं होतं. ते ज्या कागदावर अडकलं तसाच कागद आता माझ्या हाताखाली आहे. ही लाज मात्र जात नाही, आणि ती जावी असंही आता वाटत नाही.

नहेम्याची एक गोष्ट काकांनी फोनवर आठवण करून दिली, मी विसरले होते. दशांशाच्या धान्याची कोठी एल्याशीब याजकाने नहेम्याचा विरोधक तोबीया याला वापरायला दिली होती. नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोल्या शुद्ध करून घेतल्या, मग धान्य परत आलं तेव्हा भांडारावर माणसं नेमली, एक याजक, एक लेखक, एक लेवी, आणि हाताखाली आणखी एक. ते विश्वासू गणले जात होते म्हणून. आणि त्यांचं काम काय सांगितलंय? आपल्या भाऊबंदांना वाटून देणं. मोजणं हे शब्दात आलेलंसुद्धा नाही.

बैठक बुधवारी आहे. विषयपत्रिका मी काढते. पहिला विषय नेहमी मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. तो कायम होण्याआधी मी माझा वर केलेला हात आणि मी लिहिलेली ती ओळ, दोन्ही वाचून दाखवणार आहे. मग मावशीचा अर्ज, क्रमांक २ वर. नंतर तो चौथा हिस्सा. खजिनदार म्हणतील एवढं जमणार नाही, आणि त्यांचं गणित बरोबर असेल. मग किती जमेल ते त्यांनीच सांगावं, पण ती ओळ शेवटून उचलून वर घ्यावी. काका अनुमोदन देणार आहेत.

मावशीला यातलं काही सांगायचं नाही. मंजूर झालं तर पत्र जाईल, मंडळीच्या नावाने. उद्या तिच्याकडे नुसतीच जाऊन येईन. तिला हल्ली शास्त्र वाचायला जमत नाही, अक्षरं फुटतात म्हणते. मोठ्याने वाचून दाखवेन थोडं. कुठला भाग ते तिलाच विचारेन.