कमकुवत नेटवर्कसाठी धडा

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गोव्यात घरून काम व घरून शाळा या दोन्ही गोष्टी सुरू झाल्या. पुढे कामाने मूळ धरले. शाळा उघडताच दूरस्थ शिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी मागे पडले. मुलांकडे साधने नव्हती म्हणून असे झाले, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. सायबरएज योजनेतून राज्यातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना टाळेबंदीच्या कितीतरी आधी संगणक देण्यात आले होते. माझ्या मते खरे कारण असे की, कामाने आपली पद्धत बदलली आणि शाळेने बदलली नाही.

मी डिचोलीत राहून पुण्यातील एका कंपनीचे हिशेब सांभाळतो. पूर्वी तोंडी होणारे काम आता लेखी होते; फाईल सामायिक जागी असते आणि ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो ती पुढे नेतो. जूनच्या वाऱ्यात झाड तारांवर पडून वीज गेली, तर माझे काम तेवढा वेळ थांबते, बिघडत नाही. एरवी पुण्याला किंवा बंगळुरूला जावेच लागले असते, अशी अनेक तरुण मंडळी आज याच सोयीमुळे आई-वडिलांजवळ राहून कमावत आहेत. (आसगाव-शिवोलीकडे याच सोयीने बाहेरची माणसे आली आणि घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली, हेही खरेच.)

शाळेने मात्र वर्गाचे वेळापत्रक, हजेरीसकट, जसेच्या तसे पडद्यावर नेले. प्रत्येक तास थेट, प्रत्येक तास चित्रासह. सांगे, सत्तरी, काणकोण या तालुक्यांत वाडे डोंगरांच्या कुशीत आहेत. मोबाइलच्या लहरी, विशेषतः उच्च वारंवारितेच्या, डोंगरापलीकडे नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे तिथली मुले भर पावसात छत्री घेऊन टेकडी चढून तासाला बसली. मुलांच्या जिद्दीचे तेव्हा कौतुक झाले, पण तो तास थेटच का असायला हवा होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

हिशेब साधा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चालणाऱ्या तासभराच्या चित्रफितीला सुमारे 450 मेगाबाइट लागतात. सेकंदाला 64 किलोबिटने पाठवलेल्या तेवढ्याच वेळाच्या आवाजाला 29 मेगाबाइटही लागत नाहीत. बाईंनी कविता म्हणून तिचा अर्थ समजावलेला, किंवा पाठ्यपुस्तकातील गणिताचे पान उघडायला सांगून एकेक पायरी उलगडलेली ध्वनिफीत रात्री केव्हातरी उतरवून घेता येते आणि सकाळी नेटवर्कशिवाय ऐकता येते.

याची गरज टाळेबंदीबरोबर संपलेली नाही. गोव्यात मराठी माध्यमाच्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत एकच शिक्षिका चारही इयत्ता सांभाळते. ती तिसरीला भागाकार शिकवत असताना पहिलीची मुले नुसती बसून राहतात. त्या वेळी त्यांना तिच्याच आवाजातील गोष्ट किंवा पाढे ऐकता आले, तर संगणकाने त्या शाळेला खरी मदत केली असे मी म्हणेन. शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची राज्याची योजना मला मनापासून आवडते, परंतु पाचवीच्या पुढचा विचार करताना चौथीपर्यंतची ही पोकळी तशीच राहू नये.

पावसाळ्याआधी आपण घरात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्यापुरता साठा, भरतो, तसे धडेही भरून ठेवता येतील: विषयवार ध्वनिफिती, सोपी चित्रे आणि सरावाची पाने शाळेच्या संगणकात आणि पालकांच्या मेमरी कार्डवर. जवळच्या शाळांच्या एका केंद्रातील शिक्षकांनी विषय वाटून घेतले, तर कोणा एकावर भार पडणार नाही. ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो. शिक्षकांना त्यासाठी लागणारा वेळ मात्र शिक्षण खात्याने कामाच्या तासांतच द्यावा, आणि तो देता यावा म्हणून त्यांच्यावरची अशैक्षणिक कामे आधी कमी करावीत.