छत्तीस मिनिटांचा प्रवास

“अहो साहेब, ३१० किलोमीटर! मोबाइलवर ३६ मिनिटं दाखवतंय. तुम्ही तिकिटावर १ तास ५ मिनिटं छापता आणि वर आता जाणारच नाही म्हणता?”

गृहस्थांचा भागाकार चोख होता. आमचं पंख्याचं एटीआर विमान ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास जातं. ३१०ला ५१०ने भागा, छत्तीसच येतात. पण ते ३१० नकाशावरच्या सरळ रेषेचे. त्या रेषेवरून मी एकही विमान गेलेलं पाहिलेलं नाही.

मी डिस्पॅचर. छोट्या विमानतळावर हवामान, इंधन, मार्ग सगळं एकट्याने बघायचं, आणि माणूस कमी पडला की गेटवर उभं राहून बोलणीही खायची. सरळ अंतर, म्हणजे तेच ३१० किलोमीटर, आमच्या हिशोबात १६७ नॉटिकल मैल. त्या दिवशी मधला लष्करी सरावाचा पट्टा सहापर्यंत बंद होता, त्याला वळसा घालून झाले २०५. वर १६ हजार फुटांवर समोरून ४५ नॉटचा, म्हणजे ताशी ४५ नॉटिकल मैलांचा वारा. म्हणजे विमान हवेतून २७५ नॉटने पळणार, पण जमिनीवरून मोजलं तर २३०नेच. झाली ५३ मिनिटं. चढताना वेग कमी असतो, उतरताना धावपट्टीसमोर यायला फेरा पडतो, त्याची ९. हवेतच ६२. शिवाय चाकाचे चोक, म्हणजे चाकं अडवणारे ठोकळे, काढल्यापासून उड्डाणापर्यंतची ६. (हाच वारा परतीला पाठीशी असतो ना, असं हमखास विचारतात. असतो. पण जाताना खाल्लेली सगळी मिनिटं येताना परत देत नाही.)

खरी अडचण घड्याळाची होती. पलीकडच्या धावपट्टीला रात्रीचे दिवे नाहीत. ६.३०ला विमानतळ बंद. विमान मुळात उशिरा आलेलं, त्यात चेक-इन करून एक प्रवासी गायब. तो येईना म्हणून त्याची बॅग उतरवायची. लोडरने पोटातल्या बॅगा एकेक करून बाहेर काढल्या, टॅग वाचत. निळी बॅग सगळ्यात तळाशी. ११ मिनिटं गेली. ५.२८ झाले तरी चोक जागेवरच.

५.२८ अधिक ६८. सहा छत्तीस.

“सरळ मार्ग मिळतोय का बघ ना,” कॅप्टन म्हणाले. विचारलं. सहाच्या आत नाही. वाटेत मिळेल या आशेवर सोडायचं का? इंधनाची अडचण नव्हती. पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर ३० मिनिटं घिरट्या घालण्याइतकं टाकीत होतं. फक्त पर्यायी विमानतळ म्हणजे आमचाच. पलीकडे उतरता आलं नसतं तर दोन तास उडून ही सगळी मंडळी याच गेटवर परत. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. उड्डाण सकाळवर.

पुढची वीस मिनिटं काय ऐकलं ते लिहीत नाही.

सकाळी पट्टा मोकळा, मार्ग १७२ नॉटिकल मैलांचा, वारा जेमतेम १० नॉट. रांगेत तेच गृहस्थ.

“आज किती?”

“हवेत ४८.”

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “हा अजून छत्तीसच म्हणतोय.”