शालनची वकिली बंद: दुसरा खर्डा, प्रकरण ७ ते ९

निफाडच्या द्राक्षबागेतली कादंबरी ४१ हजार शब्दांवरून ३६ हजारांवर आली. कापलेल्यातले बहुतेक शब्द एकच काम करत होते, शालनची बाजू मांडायचं.

शालन १९ वर्षं सासरच्या बागेचा हिशेब सांभाळते. औषधांची उधारी, मजुरांची हजेरी, सगळं तिच्याकडे. सातबाऱ्यावर नाव नाही. हा राग वाचकाला चटकन पटतो आणि तिथंच घात होतो. पहिल्या खर्ड्यात तिनं काही वाईट करायच्या आत सासूचा टोमणा हजर असायचा. वाचक तिला माफ करून मोकळा, मग धास्ती कसली वाटणार?

आता कारण कृत्यानंतर येतं, तेही निदान एक प्रकरण सोडून. प्रकरण ७ मध्ये फेलफुटी, म्हणजे वेलीवरच्या बिनघडाच्या नको असलेल्या फुटी, काढणाऱ्या चौघींच्या नावापुढचा पूर्ण दिवस खोडून ती अर्धा करते. आकड्यावरून पुन्हा पेन फिरवते, ठळक होईपर्यंत. ओट्यापाशी सासू विचारते, "काय करू राहिली गं?" "हिशेब." प्रसंग इथं तोडला. पुढं पश्चात्तापाच्या चार ओळी होत्या, त्या गेल्या. राग आपल्यापेक्षा दुबळ्यावर निघतो, हे दिसलंच पाहिजे.

प्रकरण ८ मध्ये वेळापत्रकच चुकलं होतं. डावणीचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा, प्रसंग जानेवारीत, मण्यांत पाणी भरताना टाकलेला. त्या टप्प्यावर मणी डावणीला सहसा दाद देत नाहीत, म्हणजे बागाईतदार वाचक तिथंच पुस्तक मिटणार. छाटणी १० ऑक्टोबरची धरली, तर फुलोरा साधारण ४० ते ४५ दिवसांनी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. तेव्हा अवकाळी पाऊस झाला की घड कुजतात, गळतात. आता शालन पान उलटून बघते: वरून तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. पान सोडून देते आणि दोन रात्री कुणाला काही सांगत नाही. फवारणीची वही तिचीच, त्यामुळे दोन दिवसांत काय होतं हे तिला घरात सगळ्यांपेक्षा नीट ठाऊक आहे. काही न करण्यातलं हे क्रौर्य आरडाओरड्यापेक्षा कितीतरी जड पडतं.

नाशिकची कथा म्हटल्यावर शूर्पणखा आलीच. पंचवटीच्या निमित्तानं तीन ठिकाणी होती, तिन्ही काढली. कापलेलं नाक आलं की शालनचा राग युगायुगांच्या अन्यायाचा होतो, मग चौघींच्या अर्ध्या रोजाचं कोण विचारतो? 'डोळ्यांत अंगार', 'संतापानं थरथरली' असलं २३ जागी होतं, सगळं गेलं.

प्रकरण ९ अजून बसत नाही. धाकटी जाऊ वहीतला तो ठळक आकडा बघते. आधी ती रडायची. आता मोबाईलवर फोटो काढते आणि वही होती तशी ठेवते. अडचण अशी की वाचक त्या क्षणी जावेकडे सरकतो. सरकू द्यायचा, असं ठरवलंय. जावेला मात्र भली ठेवायची नाही. ती तो फोटो फेब्रुवारीपर्यंत, माल निघेपर्यंत, जपून ठेवणार.