वेचणीच्या दिवसांतली गृहभेट

डिसेंबरात यवतमाळकडच्या खेड्यात दुपारी पालकभेटीला जाऊन उपयोग नसतो. घरांना कुलपं, माणसं कापूस वेचायला. म्हणून दिवेलागणीला गेलो. पोरगी तिसरीतली. गृहपाठाची वही एकदम टापटीप, रोज पानभर शुद्धलेखन. वर्गात मात्र फळ्यावर नवं वाक्य आलं की गप्प.

"सर, माही पोरगी धडाधडा वाचते," माय म्हणाली. पोरीनं धडा खरंच न अडखळता म्हटला. मी मधेच पानावर हात ठेवला. ती थांबलीच नाही, पुढची तीन वाक्यं म्हणून मोकळी! सगळं पाठ होतं. मग तीच ओळ शेवटच्या शब्दाकडून उलटी वाचायला लावली, तेव्हा काय येतं नि काय नाही ते कळलं. दोन मिनिटांचं काम, घरी कोणीही करून बघावं.

सुटी अक्षरं, काना, मात्रा येत होतं. ऱ्हस्व वेलांटी लिहितात अक्षराच्या आधी आणि बोलतात नंतर, तिथं ती दचकायची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण बोलायचा आधी, म्हणून 'सर्व'चं 'सवर' व्हायचं. आणि जोडाक्षरं. तोच धडा दहादा उतरवून यातलं काहीच सुधारत नाही. उतरवताना पोर अक्षराचं चित्र काढतं, त्याला आवाज जोडत नाही. (गृहपाठ आम्हीच तसा देतो, हेही खरं.)

'शाळा'ला ती 'शाया' म्हणायची आणि बाप चिडायचा. त्याला समजावलं, की आपल्या बोलीत डोळ्याचा डोया होतो; तिनं शब्द बरोबर ओळखला आणि घरच्यासारखा म्हटला. लिहिताना ळ दाखवा, वाचताना टोकू नका. शब्दाशब्दाला टोकलं की पोर तोंडच उघडत नाही.

"पन मले वाचता येत नाही. म्या काय पाहू?"

मायला जमेल तेच सांगितलं. रोज जेवणाआधी 15 मिनिटं, मोबाइल बाजूला. पोरीनं शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं, मायनं भाकरी थापता थापता ऐकायचं. अडली तर मनात पाचपर्यंत मोजायचं. मोठ्या भावानं लगेच शब्द सांगायचा नाही. तरी नाही जमलं, तर पोरीनं शब्द बोटानं झाकून एकेक अक्षर उघडायचं आणि आवाज जोडत जायचं. शेवटी पुस्तक मिटून मायनं विचारायचं, "काय झालं त्याच्यात?" उत्तर पटलं नाही तर पुन्हा वाचायला लावायचं. याला मायला अक्षर यायची गरज नाही.

पण वाचायला रोज नवं हवं, नाहीतर पुन्हा पाठच. घरात गोष्टीचं पुस्तक एकही नव्हतं. खताची रिकामी पिशवी होती, लग्नपत्रिका होती, आणि खुंटीला अडकवलेली कापूस विकल्याची पट्टी. तीच काढली.

'क्विंटल'चं आधी 'कविंटल' झालं, दुसऱ्यांदा जमलं. पुढं 'निव्वय वजन'. मी काही बोललो नाही. आकडे तर तिनं सरसर वाचले.

मायचा हात परातीत थांबला. "हमाली किती कापली थे पाह्य बरं," ती म्हणाली.