पांडवांचा मासा

रविवार, रात्री साडेनऊ

कंबर धरली आहे. दोनदा साबण लावूनही नखांतली तांबडी माती निघालेली नाही.

दिवसभर सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या माळावर होतो. पावसात इथे पाणी साठून माती येते, तिच्यावर गवत उगवतं, आणि कातळात कोरलेलं जुनं चित्र, कातळशिल्प, त्याखाली झाकून जातं. आधी खराट्याने वरचं वाळलेलं गवत झाडलं, मग रेघांमधली माती बारीक कुंच्याने काढत बसलो. लोखंड अजिबात चालत नाही. इथला तांबडा जांभा दगड ठिसूळ, खुरप्याचा एक ओरखडा म्हणजे एक नवी रेघ. चुना किंवा रांगोळीही भरायची नाही. रेघ नीट दिसण्यासाठी तिरपं ऊन हवं, म्हणून फोटोसाठी पाच वाजेपर्यंत थांबलो. आणि मग दोन बोटं खोल रेघांत सावली उतरली, मासा कल्ल्यांसकट वर आला. अंगावर काटा आला.

रत्नागिरी जिल्ह्यात कशेळी गावच्या हत्तीपासून बारसू गावापर्यंत या कातळशिल्पांत प्राणी आहेत, मासे आहेत, माणसं आहेत. शेतीची खूण मात्र कुठेच नाही. नांगर धरण्याआधीच्या माणसांचं हे काम असावं, असा अंदाज त्यावरूनच बांधतात. माप घेताना हे सारखं मनात येत होतं.

दुपारी गुरं घेऊन एक आजोबा आले. विचारलं, "आजोबा, हे आधी पाहिलं होतंत?"

"पांडवांचा मासा तो. माझा बापूस दाखवायचा."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारायला कोण आला?"

रत्नागिरीत सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी या शिल्पांचा शोध घेतला तो असाच, वाडीवाडीत जाऊन, गुराख्यांना विचारत. त्यातलीच काही ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमचा गट लहान, पण रीत तीच. पुस्तकांआधी माणसांना विचारायचं. आजोबांसारखे किती जण न विचारताच गेले असतील, हे मला फार लागतं.

सड्याच्या कडेला चिरेखाण आहे, घरांसाठी जांभ्याचे चिरे कापून काढायची, यंत्राचा आवाज दिवसभर येत होता. आमचं घरही चिऱ्यांचंच आहे, आजोळचंही. संध्याकाळी पडवीच्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. हे चिरे ज्या कातळातून निघाले, त्याच्या पाठीवर काय होतं, ते आता कुणालाच विचारता येणार नाही.

नोंदीचा कागद आत्ता पुरा केला. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचं नाव सगळ्यांत वर लिहिलं, माप घेणाऱ्यांची त्याखाली. आजोबांना हे दुपारीच सांगितलं होतं, तर म्हणाले, तळीपलीकडे आणखी एक मोठं जनावर आहे. पुढच्या रविवारी सातला बोलावलंय, गुरं सोडायच्या आधी.